अग्निबाणाने चढणारे, वाऱ्यावर उतरणारे कॉन्कॉर्ड

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी भरलेल्या शालेय विज्ञान प्रदर्शनाचे वृत्त घेण्यासाठी गेलो असता नववीतील एका विद्यार्थ्याने थर्मोकोलचे एक शुभ्र विमान माझ्या हाती ठेवले. लांब निमुळते नाक आणि शेपटीकडे पसरत गेलेला पंख पाहून ते कॉन्कॉर्ड आहे, हे त्याने सांगण्यापूर्वीच ध्यानी आले. “साहेब, ह्याला दिवाळीचा बाण बांधला तर हे उडेल का?” असा त्याचा सरळ प्रश्न होता. मी कला शाखेचा पदवीधर. “बांधू नकोस,” एवढेच मला सांगता आले. का बांधू नये आणि त्याऐवजी काय करावे, हे सांगता आले नाही. पुढे मिळेल ते वाचून व काही लहानसहान प्रयोग स्वतः करून जे समजले, ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे.

त्या विद्यार्थ्याची कल्पना मुळात वेडगळ नव्हती. अग्निबाणाच्या बळावर उभे वर चढावयाचे, इंधन संपल्यावर ग्लायडरप्रमाणे घसरत खाली यावयाचे आणि हे सर्व जमिनीवरून रेडिओ-लहरींनी नियंत्रित करावयाचे, अशी विमाने हौशी मंडळी प्रत्यक्ष बांधतात. त्यांना ‘रॉकेट ग्लायडर’ असे नाव आहे. हा छंद मुख्यतः अमेरिकेत वाढला आणि स्वनातीत प्रवासी विमानांच्या प्रतिकृती हा त्यातील एक आवडीचा विषय आहे. स्वनातीत म्हणजे ध्वनीहून अधिक वेगाने जाणारे.

कॉन्कॉर्डचे पहिले उड्डाण २ मार्च १९६९ रोजी फ्रान्समधील तुलूझ येथे झाले. त्याच्या दोन महिने आधी, ३१ डिसेंबर १९६८ रोजी, सोव्हिएत संघाचे तू-१४४ हे विमान आकाशात झेपावले होते. अमेरिकेचे बोइंग २७०७ मात्र १९७१ साली कागदावरच संपले. कॉन्कॉर्डची प्रवासी सेवा २१ जानेवारी १९७६ रोजी सुरू झाली व २४ ऑक्टोबर २००३ रोजी बंद पडली. एकूण २० विमाने बांधली गेली, त्यांपैकी १४ प्रवासी सेवेत आली. आपल्या एअर इंडियानेही १९६६ साली दोन कॉन्कॉर्ड राखून ठेवली होती. ती राखीव नोंद १९७५ साली रद्द झाली आणि एअर इंडियाच्या रंगातील कॉन्कॉर्ड सांताक्रूझच्या धावपट्टीवर उतरलेले पाहण्याचा योग मुंबईकरांना आला नाही.

बिनशेपटीचे विमान

कॉन्कॉर्डच्या रूपाचे मर्म त्याच्या पंखात आहे. नेहमीच्या विमानाला मध्यभागी पंख व मागे आडवी शेपटी असते. नाक वर किंवा खाली करण्याचे काम ही शेपटी करते. कॉन्कॉर्डला उभे सुकाणू आहे, पण आडवी शेपटीच नाही. पंखाच्या मागच्या कडेला सहा हलत्या फळ्या बसविलेल्या आहेत. त्या सर्व एकाच वेळी वर किंवा खाली झाल्या की नाक वर-खाली होते आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या परस्परविरुद्ध हलल्या की विमान कुशीवर वळते. या फळ्यांना ‘एलेव्हॉन’ म्हणतात. प्रतिकृतीत प्रत्येक बाजूस एक याप्रमाणे दोन एलेव्हॉन पुरतात.

अशा अरुंद त्रिकोणी पंखावर जड प्रवासी विमान सावकाश उतरविता येईल, यावर प्रारंभी फारसा कोणाचा विश्वास नव्हता. इंग्लंडमधील फार्नबरो येथील संशोधन संस्थेत डीट्रिख क्यूशेमान व योहाना वेबर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात त्याचे गणित मांडले. पंखाची पुढची कड धारदार ठेवून नाक बरेच वर उचलले, तर त्या कडेवरून हवेचे दोन पिळदार भोवरे पंखाच्या पाठीवर लोळत जातात. या भोवऱ्यांच्या पोटात दाब कमी असतो आणि त्यामुळे पंख वर ओढला जातो. ही गोष्ट पडताळण्यासाठी हँडली पेज एचपी-११५ नावाचे एक छोटे सावकाश विमान बांधण्यात आले. त्याचे पहिले उड्डाण १९६१ साली झाले. पुढे १९७० मध्ये चंद्रवीर नील आर्मस्ट्राँग यांनीही ते चालवून पाहिले होते.

प्रतिकृती बांधणाऱ्याला या भोवऱ्यांचा मोठाच लाभ होतो. सामान्य विमानाच्या पंखाचा छेद गोलसर व काटेकोर असावा लागतो, आणि लहान आकारात त्याची कार्यक्षमता बरीच घसरते. धारदार कडेवरील भोवरा मात्र आकार लहान झाला म्हणून बिचकत नाही. त्यामुळे ६ मिलिमीटर जाडीच्या फोमच्या चपट्या पत्र्याचा पंखही कॉन्कॉर्डच्या आकारात समाधानकारक उडतो.

साठावा भाग

समजा, कॉन्कॉर्डची १:६० प्रमाणाची प्रतिकृती करावयाची आहे. मूळ विमान ६१.६६ मीटर लांब, पंखांचा विस्तार २५.६ मीटर, धडाशी पंखाची लांबी (हिला आपण मूळरुंदी म्हणू) २७.६६ मीटर. साठाने भागले असता अनुक्रमे १०३, ४२.७ आणि ४६ सेंटीमीटर येतात. टेबलावर मावणारी ही मापे आहेत. परंतु पंखाचे क्षेत्रफळ साठाने नव्हे, साठाच्या वर्गाने म्हणजे ३,६००ने घटते आणि वजन साठाच्या घनाने, म्हणजे २,१६,०००ने घटते. ३५८ चौरस मीटरच्या पंखाचे जेमतेम ९९५ चौरस सेंटीमीटर होतात, तर १८५ टनांचे ८५७ ग्रॅम.

शाळेत हे वर्ग-घनाचे गणित आपण सर्वांनीच केले असेल, पण त्यात विमान उडविण्याचे रहस्य दडले आहे असे निदान मला तरी कोणी सांगितले नव्हते. ८५७ ग्रॅमची ही प्रतिकृती उडू शकेल, पण इतक्या वेगाने की मैदानावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातून ती सांभाळली जाणार नाही. म्हणून येथे प्रमाणाची निष्ठा बाजूला ठेवावी लागते. वजन २७० ग्रॅमच्या आत आणावयाचे आणि पंखांचा विस्तार ४२.७ ऐवजी ५० सेंटीमीटर करावयाचा. क्षेत्रफळ सुमारे १,१५० चौरस सेंटीमीटर होते आणि घसरत येण्याचा वेग ताशी ३० किलोमीटरांच्या आसपास येतो. सायकल जोरात हाणणाऱ्या मुलाचा वेग साधारण एवढाच. पंख थोडा रुंद झाला तरी दहा पावलांवरून पाहणाऱ्याला ते कॉन्कॉर्डच वाटते. जाणकारांना खटकेल, पण विमान शाबूत राहील.

तोल

आता लेखाच्या गाभ्याकडे वळू. प्रथम एक प्रयोग सांगतो. टपालाच्या पाकिटाच्या जाड पुठ्ठ्यातून पंधरा-सोळा सेंटीमीटर उंचीचा अरुंद त्रिकोण कापावा. तो टोक पुढे करून सोडला की उलटापालटा होत पडतो. टोकाला कागदाची एक टाचणी लावली, तरी बहुधा तेच. एकेक टाचणी वाढवीत गेले की एका क्षणी तो सरळ जाऊ लागतो, मात्र नाक खाली घालून. मग मागच्या कडेचे दोन्ही कोपरे किंचित वर दुमडले की तोच पुठ्ठा खोलीच्या दुसऱ्या भिंतीपर्यंत अलगद तरंगत जातो. हा प्रयोग मी कार्यालय सुटल्यावर केला आणि शिपायाच्या हसण्याचा धनी झालो.

टाचण्यांनी केले काय, तर वस्तूचा गुरुत्वमध्य पुढे आणला. हवेचे उचलणारे बल ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, त्याला उत्थापनमध्य म्हणू. गुरुत्वमध्य या बिंदूच्या पुढे असेल तर वाऱ्याच्या धक्क्याने वर गेलेले नाक आपोआप खाली येते. तो मागे असेल तर वर गेलेले नाक आणखी वर जाते आणि विमान कोलांटी खाते. दोन्ही एकाच ठिकाणी असतील तर विमान कशालाच जुमानत नाही. कोपरे वर दुमडणे म्हणजे एलेव्हॉन वर करणे. त्यामुळे मागची बाजू किंचित दबते व पुढे वजन असूनही नाक उचललेले राहते.

साध्या त्रिकोणी पंखाचा उत्थापनमध्य स्थूलमानाने मूळरुंदीच्या मध्यावर असतो. आपली मूळरुंदी ४६ सेंटीमीटर, म्हणजे तो पंखाच्या पुढच्या टोकापासून २३ सेंटीमीटरवर येईल. गुरुत्वमध्य त्याच्या दीड ते अडीच सेंटीमीटर पुढे ठेवावयाचा, म्हणजे २१ सेंटीमीटरच्या आसपास. तेथे दोन्ही पंखांखाली पेन्सिलीने खूण करून, दोन बोटांवर विमान तोलून पाहावे.

येथवर गोष्ट सोपी आहे. अडचण येते ती अग्निबाणामुळे. इंजिन असते धडाच्या अगदी मागे, तोलाच्या खुणेपासून सुमारे २५ सेंटीमीटर अंतरावर. त्यातील इंधन सुमारे २० ग्रॅम. उड्डाणाच्या वेळी ते तेथे असते आणि सहा-सात सेकंदांनी नसते. २७० ग्रॅमच्या विमानाच्या शेपटाकडून २० ग्रॅम नाहीसे झाले की गुरुत्वमध्य २ सेंटीमीटर पुढे सरकतो. म्हणजे जमिनीवरून निघालेले विमान आणि वरून खाली येणारे विमान ही तोलाच्या दृष्टीने दोन वेगळी विमाने होत. चढताना ते हलक्या नाकाचे असते, उतरताना जड नाकाचे.

नेमकी हीच अडचण खऱ्या कॉन्कॉर्डपुढे उलट बाजूने उभी होती. ध्वनीचा वेग ओलांडताना पंखाचा उत्थापनमध्य जवळजवळ दोन मीटर मागे सरकतो आणि विमान नाक खाली घालू लागते. एलेव्हॉन वर करून ते सावरता आले असते, पण त्या वेगाला वर उचललेल्या फळ्यांचा रोध परवडला नसता. यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा असा की, कित्येक टन इंधन पंपांनी पुढच्या टाक्यांतून शेपटाकडच्या टाकीत न्यावयाचे आणि उत्थापनमध्याच्या पाठोपाठ गुरुत्वमध्यही मागे न्यावयाचा. वेग कमी करताना तेच इंधन पुन्हा पुढे आणावयाचे. तू-१४४ च्या रचनाकारांनी सावकाश उड्डाणासाठी नाकाजवळ उघडझाप करणारे दोन छोटे पंख लावले होते. ६२ मीटर लांबीच्या विमानात दोन मीटरचा आणि १०३ सेंटीमीटरच्या प्रतिकृतीत दोन सेंटीमीटरचा हा फरक, प्रमाण मांडून पाहिले तर फार दूरचा नाही.

प्रतिकृतीत पंप बसविता येत नाही. तेथे एलेव्हॉनच्या दोन ठरावीक जागा हाच उपाय. चढताना वेग जास्त असल्याने एलेव्हॉन जवळजवळ सपाट हवेत. त्या वेळी ते वर राहिले तर विमान वर न जाता पाठीकडे मोठी कोलांटी घेईल. उतरताना वेग कमी व नाक जड, म्हणून ते काही मिलिमीटर वर हवेत. हाती धरावयाच्या ट्रान्समीटरवर एका खटक्याला या दोन जागा नेमून देता येतात. चढतानाच्या जागेत काठीची हालचालही मुद्दाम थोडी ठेवतात, म्हणजे घाबरून अंगठा जास्त दाबला गेला तरी विमान वेडेवाकडे जाणार नाही.

इंजिन आणि त्याविषयीची सावधगिरी

अग्निबाणाच्या छंदाचा इतिहास १९५७ पर्यंत मागे जातो. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाईल यांचे चपला-बुटांचे दुकान होते. दारूकामाची त्यांना हौस. अग्निबाणांच्या चाचणी-केंद्रात काम करणारे अभियंते जी. हॅरी स्टाईन यांचा सुरक्षिततेविषयीचा एक लेख कार्लाईल यांच्या वाचनात आला आणि त्यांनी आपले छोटे अग्निबाण स्टाईन यांच्याकडे पाठवून दिले. घरच्या घरी नळ्यांत दारू ठासण्याच्या नादात मुले जखमी होत, काही प्राणासही मुकत. त्यांना कारखान्यात तयार झालेले, तपासलेले, कागदी आवरणाचे इंजिन मिळावे, म्हणजे त्यांनी केवळ विमान बांधावे, दारूला हात लावू नये, या विचारातून हा छंद उभा राहिला. त्याच वर्षी अमेरिकेत या छंदाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व तिने सुरक्षेचे नियम घालून दिले.

या इंजिनांना अक्षर व अंक अशी नावे असतात. अक्षर एकूण आवेग सांगते, अंक सरासरी रेटा. ‘ई’ अक्षराचा आवेग २० ते ४० न्यूटन-सेकंद. ‘ई-६’ म्हणजे सरासरी ६ न्यूटन रेटा. आवेग ४० धरला तर ते साडेसहा सेकंदांहून थोडे अधिक जळेल, हे भागाकाराने कळते. तेवढाच आवेग ३० न्यूटनच्या रेट्याने सव्वा सेकंदाहून थोड्या अधिक वेळात संपविणारे इंजिनही असू शकते. साध्या बारीक अग्निबाणाला ते चालेल, पण फोमचा रुंद पंख त्या हिसक्याने फडफडून फाटेल. २७० ग्रॅमच्या विमानाचे वजन साधारण २.६५ न्यूटन होते. ६ न्यूटनचा रेटा त्याच्या सव्वादोन पट, म्हणजे पुरेसा आणि सौम्य. शिवाय साध्या इंजिनांच्या शेवटी हवाई छत्री बाहेर फेकण्यासाठी दारूचा एक छोटा बार असतो. ग्लायडरला छत्री नसल्याने हा बार नसलेले, पुढून बंद केलेले इंजिनच वापरावे लागते.

दिवाळीच्या बाणाचे उत्तर येथे सापडते. त्या बाणाचा रेटा किती आणि किती वेळ, हे कोणी मोजलेले नसते. तो क्षणात जोर करतो. त्याची लांब काडी हेच त्याचे सुकाणू असते, ती काढली की तो कोठेही जातो. पुष्कळ बाणांच्या शेवटी स्फोट असतोच. थर्मोकोल तर सहज पेट घेते आणि वितळून अंगाला चिकटते. फटाके फोडून त्यातील दारू काढणे आणि ती नळीत ठासणे याहून घातक उद्योग नाही. ठासताना झालेले घर्षण किंवा एखादी ठिणगी बोटे आणि डोळे घेऊन जाते. शिवाय स्फोटके अधिनियम, १८८४ व त्याखालील स्फोटके नियम, २००८ यांनुसार परवान्यावाचून स्फोटके तयार करणे हा गुन्हा आहे. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. परदेशी छंदाची इंजिने टपालाने मागविण्याचा मार्गही कोणी चोखाळू नये. म्हणून अग्निबाणाचा भाग वाचकाने समजून घ्यावा आणि करून पाहावा तो उरलेला. उरलेला भाग थोडा नाही, हे पुढे दिसेलच.

बांधणी

धड पुठ्ठ्याच्या हलक्या नळीचे करतात. मूळ विमानाचे धड २.८८ मीटर रुंद, म्हणजे प्रतिकृतीत ४.८ सेंटीमीटर. नळी त्याहून किंचित बारीक असली तरी चालते. पंख फोमच्या एकाच पत्र्यातून कापलेला बरा. जोड कमी म्हणजे वजन कमी व वाकडेपणाही कमी. पुढची कड कॉन्कॉर्डसारखी नागमोडी कापावी आणि पॉलिश कागदाने धारदार करावी. आडव्या दिशेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कार्बन तंतूंची पातळ पट्टी फोममध्ये खाच पाडून बसवावी, एरवी पंख मध्यावर दुमडतो. एलेव्हॉन प्रत्येकी सुमारे १८ सेंटीमीटर लांब व ४ सेंटीमीटर रुंद ठेवून चिकटपट्टीच्या बिजागरीवर बसवितात. फोम विरघळविणारा डिंक किंवा रंग चुकूनही वापरू नये. थर्मोकोलवर एकदा तसा थेंब पडला की जेथे थेंब तेथे भोक, हा अनुभव मला पहिल्याच दिवशी आला.

प्रत्येक एलेव्हॉनला सुमारे ९ ग्रॅमची एक सर्वो मोटर, एक छोटा रेडिओ-ग्राहक आणि विजेरी एवढेच आतले सामान. सर्वो पंखावर, पण ग्राहक व विजेरी शक्य तितकी नाकात. कॉन्कॉर्डचे लांब नाक येथे कामास येते. तोलाच्या खुणेपासून ५० सेंटीमीटर पुढे ठेवलेली २० ग्रॅमची विजेरी शेपटाजवळच्या ४० ग्रॅमला पुरी पडते आणि शिशाचे फुकट ओझे लादावे लागत नाही. चाके लावू नयेत, विमान पोटावरच गवतात उतरवावयाचे असते.

रंगाविषयी एक सूचना. खरे कॉन्कॉर्ड पांढरे होते ते उष्णता परतविण्यासाठी. दुप्पट ध्वनिवेगाला त्याचे नाक १२७ अंश सेल्सिअसपर्यंत तापत असे. प्रतिकृतीला ती भीती नाही. उलट पांढरे विमान पांढऱ्या ढगापुढे दिसेनासे होते आणि त्रिकोणी आकारामुळे पोट कोणते व पाठ कोणती हेही कळत नाही. म्हणून पोटाला गडद पट्टे द्यावेत. प्रतिकृती म्हणून ते चूक आहे, पण वर पाहणाऱ्याला त्याची गरज असते.

मैदानावर

पहिली चाचणी इंजिन न पेटविता, सकाळच्या निवांत हवेत, गवतावर घेतात. इंजिनाचे रिकामे नळकांडे जागेवर ठेवून विमान खांद्याच्या उंचीवरून, नाक क्षितिजाच्या किंचित खाली धरून, हळूच ढकलावयाचे. नाक वर करून थबकले व आपटले तर एलेव्हॉन जास्त वर आहेत किंवा तोल मागे आहे. थेट खाली गेले तर उलट. दोन कारणांची गल्लत होऊ नये म्हणून आधी तोल मोजून पक्का करावा आणि मग फक्त एलेव्हॉन हलवावेत. त्यानंतर अनुभवी मंडळी एक चाचणी आणखी घेतात. इंधनाच्या जागी २० ग्रॅमचे मुके वजन ठेवून विमान पुन्हा हाताने सोडतात. हा चढतानाचा तोल. या स्थितीतही ते काठीला शांतपणे जुमानले, तरच इंजिनाचा विचार.

प्रत्यक्ष उड्डाण उभ्या धातूच्या रुळावरून होते. इंजिन विजेच्या तारेने दुरून पेटवितात. या वर्गाच्या इंजिनासाठी निदान ३० फूट अंतर ठेवावे, असा अमेरिकन संघटनेचा नियम आहे. विमान सुटते तेव्हा दिसते ती फक्त त्याची पाठ किंवा पोट. सहा-सात सेकंद अंगठ्याने अगदी थोडे सावरीत राहावयाचे. धुराची रेघ तुटली की विमान साधारण दीडशे ते दोनशे मीटरांवर असते. वेग मावळू लागताच नाक हळूच क्षितिजाकडे आणून खटका फिरवावयाचा. हा क्षण चुकला तर विमान शेपटीवर उभे राहून मागे घसरते आणि खटका आधीच फिरला तर कोलांटी ठरलेली. पुढचे एक-दीड मिनिट निर्धास्त घिरट्यांचे असते. कॉन्कॉर्डचा आकार घसरण्यात फारसा काटकसरी नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. लांब पंखाचे साधे ग्लायडर तेवढ्याच उंचीवरून कितीतरी अधिक वेळ तरंगेल.

हा सारा खेळ वाटेल. पण १९५०च्या दशकात कॅनडाने आपल्या ॲरो या त्रिकोणी पंखाच्या लढाऊ विमानाचे ११ छोटे नमुने अशाच रीतीने नायकी अग्निबाणांवर बसवून उडविले होते, त्यांपैकी नऊ ओंटारिओ सरोवरावर. आपल्या भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २३ मे २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून त्रिकोणी पंखाचे, पुन्हा वापरता येण्याजोगे प्रायोगिक यान घन इंधनाच्या अग्निबाणावर सोडले. ते ६५ किलोमीटर उंचीवर जाऊन, ध्वनीच्या पाचपट वेगाने परत वातावरणात शिरून बंगालच्या उपसागरावर ठरलेल्या जागी घसरत उतरले. आधी अग्निबाणाच्या बळावर चढावयाचे व मग ग्लायडर व्हावयाचे, ही अट तेथेही तीच होती.

दारूवाचून

चढण आणि उतरण यांतील हा झगडा पाहावयास इंजिन लागत नाही. जमिनीत घट्ट रोवलेल्या खुंटीला रबराची लांब पट्टी बांधावी, विमानाच्या नाकाखाली एक आकडा बसवावा आणि पट्टी ताणून विमान वर रोखून सोडावे. समोर किंवा बाजूला कोणी उभे नसावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. एलेव्हॉन सपाट ठेवून सोडलेले विमान बाणासारखे सरळ चढते, पण वेग संपताच नाक घालून खाली येते. तेच एलेव्हॉन घसरण्यासाठी योग्य तेवढे वर ठेवून सोडले तर चढतानाच पाठीकडे वळून कोलांटी घेते. रेडिओची साधने जमली तर वरच्या टोकाला खटका फिरवून दोन्ही साधतात. नाही जमली तरी या दोन फेकींत फरक डोळ्यांना दिसतोच. रेडिओ-नियंत्रित विमान उडविणाऱ्यांनी ड्रोन नियम, २०२१ व आपल्या भागातील हवाई क्षेत्राचा नकाशा आधी पाहून घ्यावा, विशेषतः जवळपास विमानतळ असेल तर.

त्या विद्यार्थ्याच्या विमानाला एलेव्हॉन नव्हते आणि नाकात वजनही नव्हते. मागच्या कडेला कागदाच्या दोन पट्ट्या चिकटपट्टीने बसवाव्यात, नाकात एक-एक नाणे सरकवीत मूळरुंदीच्या मध्याच्या किंचित पुढे ते बोटांवर तोलावे आणि वारा सुटण्यापूर्वी शाळेच्या मैदानावर खांद्यावरून हळूच सोडावे. नाणी किती लागली, पट्ट्या किती मिलिमीटर वर होत्या आणि विमान किती पावले गेले, हे दर खेपेला वहीत लिहून ठेवावे.